तलावातली दुखणाईत मंडळी

धडधाकट माणसाकडे सांगण्यासारखं असतं काय? उठला, राबला, जेवला, झोपला! संपलं. दुखणाईत माणसाचं तसं नाही. त्याला नुसतं उठायलाच एवढा वेळ लागतो की, तेवढ्यात घरचे, दारचे, शेजारचे काय काय बोलून घेतात ते सगळं त्याला पडल्या पडल्या ऐकावं लागतं. मग किस्से साचणार नाहीत तर काय होणार! असे तीन-चार दुखणाईत एका जागी बसवा, संध्याकाळपर्यंत टोपलीभर किस्से जमतात. आम्हाला तर बसवलंही नव्हतं. भर उन्हाळ्यात तलावात उभं केलं होतं!

ही एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील होती. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. गावाला मोठा तलाव. तलावावर धानाची शेती आणि मासे मारणाऱ्या ढीवरांची वस्ती, दोन्ही जगायचे. गाव तसं प्रेमळ. पण एक खोड होती. कोणी काही चांगलं सांगितलं की पहिला प्रश्न, "याच्यात याचा काय फायदा?" माझा स्वभावही तसाच संशयी, त्यामुळे बदली होऊन आलो तरी मला तिथे परकं असं कधी वाटलं नाही.

*

मला तिशीतच आमवातानं धरलं. मनगटं, बोटं, गुडघे सगळे सुजायचे. सकाळी अंग लाकडासारखं आणि दुपारनंतर जरा माणसात आल्यासारखं. गावात सरकारी दवाखाना होता, त्यात नागपूरहून नवे डॉक्टर आले होते, चिंतलवार नावाचे. पोरसवदा, काटकुळे, सदा काळी छत्री हातात. त्यांनी माझे सांधे दाबून पाहिले आणि म्हणाले, "गोळ्या देतो. पण उन्हाळाभर रोज दुपारी तलावात उतरायचं. पाण्यात उभं राहून हातपाय हलवायचे."

मला लगेच संशय आला. दवाखान्यातल्या गोळ्या संपत आल्या असणार! अहो, वात आणि पाणी यांचं जन्माचं वैर, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वातवाल्याला शेकतात, भिजवत नाहीत.

"गुरुजी, तुम्ही दुपारी तीनला तलावात कधी हात घालून पाहिलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"पाहा. काठचं पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं ऊन झालेलं असतं. शिवाय पाण्यात अंग हलकं होतं. सांध्यावर भार न घालता सांधा हलवायला दुसरी जागा नाही."

मी म्हटलं, "मग तुम्हीही उतरणार ना आमच्याबरोबर?"

"मी? छे हो! मला पोहता येत नाही!"

आणि खरोखरच तो माणूस सगळा उन्हाळा काठावर छत्री घेऊन उभा राहिला. आमच्या बुडण्याची त्याला खात्री होती की तरण्याची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे कैक वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला हे दुखणं समजावून सांगितलं. यात म्हणे शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजतं आणि चोर शिरल्यासारखं त्यांच्यावर तुटून पडतं. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या शरीरालाही आमच्या गावची हवा लागली म्हणायची!"

*

माझ्याआधी तलावात उतरली ती यशोदा. ढीवराची सून, पंचविशीच्या आतली. तिलाही हेच दुखणं.

आता मासे विकणाऱ्या बाईला पहाटे टोपली घेऊन निघावं लागतं. ऊन चढलं की माल गेला. आणि आमवाताचा जोर नेमका पहाटेचा! यशोदेची बोटं मिटायची नाहीत, टोपली डोक्यावर चढायची नाही. दिवस वर आला की ती हळूहळू सैल व्हायची आणि दुपारी बऱ्यापैकी जाळं सांधत बसायची. माझंही अगदी असंच व्हायचं. पण तिच्या सासूला, मैनाबाईला, हे पटेल तर शपथ!

"दुखणं काय घड्याळ पाहून येते का वो?" मैनाबाई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. "टोपली उचलाच्या टायमाले हात दुखते, अन् ताट वाढलं का हात साजरा!"

ऐकणारे माना डोलवायचे. यशोदेचा नवरा गोमा एकवेळ माशाशी बोलेल. पण आईसमोर तोंड उघडणार नाही, अशातला. त्यामुळे मैनाबाईनं एकटीनंच निकाल लावून टाकला होता. "मिरग लागेपर्यंत पायतो. तोपर्यंत झाकटीले टोपली घेऊन निघाली तं ठीक. नाई तं माहेरी नेऊन घालतो अन् गोमाले दुसरी करून आणतो!"

झाकट म्हणजे पहाट आणि मिरग म्हणजे मृग नक्षत्र; त्याला तेव्हा दोन-अडीच महिने होते. यशोदेचं माहेर म्हणजे एक विधवा आई आणि गळकी झोपडी. तिला डॉक्टरांनी पाणी सांगितलं काय आणि निखारे सांगितले काय, ती उतरलीच असती.

घाटाच्या अलीकडे आम्ही पुरुष, पलीकडे यशोदा आणि मधे धुणं धुणाऱ्या बायका. एक गंमत पाहा. ढीवराची बाई मासे धरायला छातीभर पाण्यात उतरली तर कोणी मान वळवून पाहत नाही. तीच बाई दुखणं बरं करायला उतरली तर सगळं गाव पाळीवर!

*

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. तलाव मालगुजाराचा राहिला नाही, सरकारचा झाला, असं म्हणत. पण सरकार कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे तलावाजवळ कोणी जरा जास्त वेळ उभा राहिला तरी ढीवर त्याच्यावर पाळत ठेवायचे. त्यांचा पुढारी तुळशीराम. वस्तीतल्या पंचांमध्ये त्याचाच शब्द शेवटचा. तुळशीराम पहिल्याच दिवशी पळसाखाली येऊन बसला.

इकडे डॉक्टर काठावरून ओरडत होते, "गुरुजी, कमरेपर्यंत! थांबा. आता छातीपर्यंत! यशोदाबाई, तुम्ही अजून पुढे, खांद्यापर्यंत या!"

बाहेर आल्यावर तुळशीरामनं मला बाजूला घेतलं. "गुरुजी, खरं सांगजा. तलावाची मोजणी होऊन राह्यली ना?"

"अहो भाऊ, हा आमवाताचा इलाज आहे!"

"मंग डाक्टर कमर, छाती, खांदा काऊन बोंबलून राह्यला? अन् एक उंच माणूस, एक ठेंगणी बाई. बराबर पाहून घेतले!"

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांना वाटलं, खेड्यातल्या माणसाला खेड्यातलं उदाहरण द्यावं. म्हणाले, "तुळशीरामभाऊ, म्हैस उन्हाळाभर पाण्यात बसते. तिचे गुडघे दुखल्याचं कधी ऐकलंय?"

तुळशीरामनं विचार केला. "म्हैस सांगून नाई राह्यली, म्हणून काय दुखत नसन काय?"

डॉक्टरांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. 

दुसऱ्या दिवशी तुळशीराम एक लांब बांबू घेऊन आला आणि मला पाळीवर उभं करून टाचेपासून खांद्यापर्यंत मोजलं. बांबूवर खुणा केल्या. मी म्हटलं, "हे काय आता?"

"राहू द्या, गुरुजी. उद्या सरकारनं तलाव खोटा मोजला, तं आपल्याजवळ बी माप पायजे!"

*

तिसरे दुखणाईत म्हणजे खुद्द बापूसाहेब, गावचे माजी मालगुजार. दोन्ही गुडघे सुजून भोपळ्याएवढे. आधी तयार नव्हते. डॉक्टर म्हणजे सरकारचा माणूस आणि सरकारनं आधी गाव घेतलं, मग तलाव घेतला, आता तलावात उभं करून काय घेणार, असा त्यांचा सवाल होता. पण गुडघ्यांपुढे कोणाचं चालतं! एका दुपारी धोतर सावरत उतरलेच.

चैत्र संपता संपता पाणी मागे हटतं आणि मासे उरलेल्या पाण्यात दाटी करतात. ढीवरांची वर्षाची आशा त्यावर. आणि आमचे व्यायाम कसे, तर वाकायचं, दोन्ही हात पाण्याखाली न्यायचे आणि मुठी सावकाश उघडायच्या-मिटायच्या. आमच्याकडे जाळं नसलेली माणसं मासे धरतात ते नेमकं अस्संच, चिखलात चाचपून! डॉक्टर नागपूरचे, त्यांना काय ठाऊक?

तुळशीराम दोन दिवस नुसता पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी आम्ही बाहेर पडतो तर हा समोर उभा. "झडती द्या!"

माझी घेतली. काही नाही. यशोदेचा पदर मैनाबाईनं स्वतः झटकून पाहिला. काही नाही. मग बापूसाहेबांची पाळी आली आणि पाळीवरचे लोक पुढे सरकले. ज्या माणसाकडे तलावातल्या प्रत्येक मासेमारीचा पहिला मासा घरपोच जायचा, त्याची झडती! बापूसाहेब लालबुंद झाले. पण हात वर करून उभे राहिले.

तुळशीरामनं धोतराचा सोगा जरा झटकला मात्र, एक बोटभर मासा टपकन खाली पडला आणि तडफडायला लागला!

 बापूसाहेबांनी माशाकडे पाहिलं, मग तुळशीरामकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझा काय दोष? तीन पिढ्यांची सवय आहे त्याला आमच्याकडे यायची!"

*

शाळा तेव्हा सकाळची भरायची. एके दिवशी तपासणीस साहेब अचानक हजर झाले. मी फळ्यावर बेरीज लिहायला गेलो. खडू बोटात राहीना. दोनदा पडला, दोनदा पोरांनी उचलून दिला.  साहेबांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला वाचता येत होतं: मास्तर रजा उकळण्याच्या तयारीत आहे.

दुपारी साहेबांची बैलगाडी पाळीवरून परत निघाली. आम्ही तलावात. मी नेमके दोन्ही हात आकाशाकडे करून उभा! गाडी थांबली.

"काय मास्तर! सकाळी खडू उचलत नव्हता, आता तलाव उचलताय की काय?"

लोक हसले. मी पाण्यातूनच नमस्कार केला. म्हटलं, "साहेब, या दुखण्याची वेळच तशी. दुपारी तीनला शाळा भरवा, खडू काय, फळा उचलून दाखवतो!"

"म्हणजे मास्तर बरा असेल तेव्हा शाळा? वा!"

तेवढ्यात पलीकडून यशोदेचा आवाज आला. "साहेब, शाळा दुपारी भरवान तं माशांचा बजार बी दुपारीच भरवा ना! तुमचे लई उपकार होईन!"

साहेबांना ही बाई कोण आणि बाजाराचं काय, काहीच कळलं नाही. त्यांनी गाडीवानाला गाडी हाकायला सांगितली. माझं हसू मात्र तिथल्या तिथे जिरलं. कारण ती थट्टेनं बोलली नव्हती. तोवर मी तिला हसताना एकदाही पाहिलं नव्हतं.

*

ती हसली आणि तेच तिला महागात पडलं.

झालं असं की, झडतीचा अपमान बापूसाहेबांच्या जिव्हारी लागला होता. त्यांनी जाहीर केलं, "आता मी तलावाच्या तळाला पायच लावणार नाही. म्हणजे मासे धरल्याचा आळ नको!" दुसऱ्या दिवशी वाड्यावरची हातांची लाकडी खुर्ची आली. दोन गड्यांनी ती पाण्यात नेऊन ठेवली. बापूसाहेब डोक्यावर टोपी, कपाळावर गंध अशा थाटात तिच्यावर बसले. पाणी छातीपर्यंत. दरबार भरल्यासारखं दृश्य होतं.

पण खाली गाळ. खुर्ची हळूहळू रुतायला लागली. पाणी खांद्यापर्यंत आलं. बापूसाहेबांच्या लक्षात आलं. पण इतक्या लोकांसमोर उठायचं कसं? ते तसेच ताठ बसून राहिले. पाणी हनुवटीला लागलं. डॉक्टर काठावरून ओरडले, "बापूसाहेब, उठा!" बापूसाहेब मान वर करून म्हणाले, "व्यायाम चालू आहे!" आणि पुढच्या क्षणाला तलावावर नुसती टोपी!

गड्यांनी बखोटीला धरून त्यांना वर काढलं. सगळी पाळ खो-खो हसली. धुणं धुणाऱ्या बायका हसल्या, तुळशीराम डोळे पुसत हसला, डॉक्टरांची छत्री हातून गळून पडली. आणि यशोदाही हसली. पाण्यात गळाभर उभी राहून, दोन्ही हात आपटत, लहान पोरीसारखी.

आंब्याच्या झाडावर तिचा दीर दिनबा चढून बसलेला होता. कैऱ्या काढायला म्हणे. खरं तर मैनाबाईनंच त्याला पाळतीवर बसवलं होतं. तो धावत घरी गेला आणि सांगितलं, "माय, वहिनी हासून राह्यली होती! हात बी आपटून राह्यली होती!"

सगळं गाव हसलं होतं. पण पुरावा फक्त यशोदेच्या हसण्याचा झाला. मैनाबाईनं वस्तीत दारोदार जाऊन विचारलं, "दुखणाईत बाई हासते काय? तुमीच सांगा! हात दुखते तं आपटते कायले?" आणि तिनं पंचायत मागितली. मिरगापर्यंत थांबायलाही ती आता तयार नव्हती. मला त्या बाईचा असा राग आला होता म्हणता! दुखणाऱ्या माणसानं चोवीस तास रडत बसावं, तरच त्याचं दुखणं खरं?

*

ढीवरांची पंचायत नेहमी संध्याकाळी बसायची. मासे विकून, जेवूनखाऊन, निवांत. यशोदा तुळशीरामकडे गेली आणि म्हणाली, "मामाजी, पंचाइत बसवा. पण झाकटीले बसवा."

"झाकटीले? काऊन?" तुळशीरामला लगेच वास आला. "संध्याकाळले काय झालं?"

"संध्याकाळी मी साजरी राह्यतो. तुमी मले साजरी पाहून निवाडा करान."

पंच कुरकुरले. यात काहीतरी डाव आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. पण डाव काय ते कळेना, म्हणूनच यायला तयार झाले. साक्षीला डॉक्टरांना आणि मला बोलावलं.

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. आमवात मोठा दगाबाज. एखाद्या सकाळी उगाच सूट देऊन जातो. पंच येऊन बसायचे आणि नेमकी त्या दिवशी यशोदेची बोटं सैल निघायची! आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाला विनवलं की बाबा, उद्या एका माणसाला नीट दुखू दे.

तांबडं फुटताना मी काठी टेकत, एक एक पाय ओढत तिच्या दाराशी पोचलो. पंच घोंगड्या पांघरून अंगणात बसले होते. मी बसायला वेळ लावला, तशी त्यांच्यात कुजबुज झाली. "पायलं? मास्तर बी तसाच लंगडून राह्यला! दोघंही एकाच जागी शिकले!"

पंच घरी आले की सुनेनं पाणी द्यायचं, ही रीत. तुळशीराम म्हणाला, "आण वो पोरी पाणी."

यशोदा चटईवरून उठायला लागली. आधी कुशीवर झाली. मग कोपरावर. मग भिंतीला खांदा लावून उभी राहिली. लोट्याभोवती बोटं वळेनात, म्हणून तिनं तो दोन मनगटांच्या मधे दाबून धरला आणि निघाली. अंगण ते केवढं! पण ते संपायलाच तयार नव्हतं जणू. लोटा कलत होता, पाणी सांडत होतं. ती थांबायची, पोटाशी धरून सावरायची आणि पुन्हा चालायची. डॉक्टर पुढे झाले, तसं तिनं मानेनंच नको म्हटलं.

एक पंच पुटपुटला, "जराकसं जास्तच करून राह्यली."

तुळशीराम बराच वेळ तिच्या मनगटांकडे पाहत होता. त्याच्याइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण संशयी माणूस नीट पाहतो, हेही खरं! तो म्हणाला, "सोंग करणारी बाई लोटा पाडते गा. म्हणजे साऱ्यायले दिसते. हे तं पाडून नाई राह्यली."

 मैनाबाई दाराच्या चौकटीत पदरात हात गुंडाळून उभी होती. तिचा चेहरा दगडासारखा.

पंचांचं एकमत झालं नाही ते नाहीच. शेवटी तुळशीराम म्हणाला, "मैनाबाई, सून तुही आहे. मिरगापर्यंत तूच नजर ठेव. घरी ठेव, तलावावर बी ठेव. मंग तुले जे करायचं ते कर."

"ठेवतो नजर," मैनाबाई म्हणाली. "माहे काय डोळे फुटले नाई."

*

मिरग तोंडावर आला. यशोदा रोज तलावावर येत होती. मुठी आधीपेक्षा बऱ्या मिटत होत्या, चालणं सुधारलं होतं. पण पहाटेची टोपली काही अजून डोक्यावर चढत नव्हती. डॉक्टर म्हणायचे, वेळ लागेल. आणि वेळच तर नव्हता. नवरगावकडे गोमासाठी एक मुलगी पाहायला जायचं ठरल्याची बातमी वस्तीत सगळ्यांना कळली होती. यशोदेलाही. ती त्या दिवशीही आली आणि गुपचूप पाण्यात उतरली. आम्ही कोणी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो.

तेवढ्यात पाळीवरून मैनाबाई येताना दिसली. नवं हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. मुलगी पाहायला निघालेली बाई. मागे पाळीवर दिनबानं मागून आणलेली बैलगाडी उभी केली होती. तलावावरूनच पुढे जायचं होतं त्यांना.

मैनाबाई सरळ डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली. "मी काई इलाजाले नाई आली. पंचानं सांगतलं, नजर ठेव. काठावरून बराबर दिसून नाई राह्यलं."

आणि त्या नव्या लुगड्यासकट ती पाण्यात शिरली! घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. धुणाऱ्या बायकांच्या हातातली मोगरी तशीच वर राहिली. मैनाबाई यशोदेच्या अगदी समोर, गळाभर पाण्यात जाऊन थांबली. यशोदा भ्यायली. तिचे हात पाण्यात तसेच लटकत राहिले.

डॉक्टर हळूच म्हणाले, "यशोदाबाई, हात."

यशोदेनं हात पुढे केले. मूठ उघडली, मिटली. उघडली, मिटली.

मैनाबाई पाहत होती. मग तिनं पदराखालून आपले हात बाहेर काढले. ते हात मी कधी नीट पाहिले नव्हते. कोणीच पाहिले नसावेत. सगळी बोटं करंगळीकडे वळलेली, सांध्यासांध्याला गाठी. यशोदेच्या बोटांपेक्षा किती तरी वाकडी. तिनं ते पाण्याखाली नेले आणि सुनेकडे पाहत पाहत मूठ उघडायला लागली. मिटायला लागली.

डॉक्टर काठावर बूट भिजेपर्यंत पुढे आले. "मैनाबाई, किती वर्षांपासून?"

"काय किती वर्षांपासून?" ती खेकसली. "मी हिच्यावर नजर ठेवून राह्यली!"

ऊन कलायला लागलं. बापूसाहेब बाहेर पडले, मी बाहेर पडलो. त्या दोघी पाण्यातच. यशोदेनं हात वर केले की मैनाबाईचेही वर. यशोदा वळली की मैनाबाई वळली. पाळीवर दिनबा गाडीभोवती येरझारा घालत होता. शेवटी त्याला राहवेना. तोंडाशी हात धरून तो ओरडला, "माय! चाल ना वो! पोरीवाले वाट पाहून राह्यले असन!"

मैनाबाईनं मान वळवली नाही.

"माय वो! बैल जुंपून ठेवले ना!"

"सोड गा ते बैल!" मैनाबाई पाण्यातूनच ओरडली. "माही नजर ठेवून नाई झाली अजून!"